स्क्विडला नवा पोर्ट द्यायचाय: बुलियन की सेमॅनेज?

भुसावळच्या मित्राच्या लॅबमधला रॉकी लिनक्सवरचा स्क्विड (इंटरनेटसाठी मधला प्रॉक्सी सर्व्हर) पोर्ट ३१२८ वर चालतो, १०००० दिला की पडतो. भाऊ, आधी लॉगमधला एररचा आकडा बघ. ९८ म्हणजे पोर्ट दुसऱ्याने धरलाय. तिथे बुलियन (नियमांचा चालू-बंद स्विच) आणि सेमॅनेज (नियमात पोर्टची नोंद करायची कमांड) हे दोन्ही उपाय फुकट. १३ म्हणजे परवानगी नाकारली, बहुधा एसईलिनक्सने, म्हणजे कुठल्या प्रोग्रामला काय मुभा ते ठरवणाऱ्या लिनक्सच्या सुरक्षा यंत्रणेने. ‘स्क्विड_कनेक्ट_एनी’ हे बुलियन मुळात चालूच असतं, त्यामुळे ते कुणी बंद केलंय का विचार.

मेहनत: बुलियन एका ओळीत चालू होतं, मग कुठलाही पोर्ट दे. सेमॅनेजमध्ये दर पोर्टची वेगळी नोंद. तो आधीच दुसऱ्या प्रकारात असेल तर ‘-ए’ (नवी नोंद) ऐवजी ‘-एम’ (नोंद बदल) द्यायचं. कंटाळवाणं आहे खरं.

टिकाऊपणा: सेमॅनेजची नोंद रीबूटनंतरही राहते. बुलियन चालू करताना कायम ठेवणारा मोठा ‘-पी’ विसरलास, तर लाइट गेली की प्रॉक्सी परत आडवा.

सुरक्षा: बुलियनने स्क्विडला सगळे पोर्ट मोकळे, बाहेर जोडायलाही. सेमॅनेजने एकच.

पोर्ट सारखे बदलून बघायचे असतील तर बुलियन. पोरांच्या रोजच्या वापराचा सर्व्हर असेल तर सेमॅनेजच. आणि १०००० चा हट्ट नसेल तर ८०८० घे, त्याला आधीच मुभा आहे.