मायनर विषय: मेजरच्या शेजारचा घ्यावा, लांबचा की सोपा?

मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या (मेजरच्या) जोडीचा दुय्यम विषय, घ्यावा की नको, हा प्रश्न कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजांत आता उरलेलाच नाही. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे बी.ए. किंवा बी.एस्सी.ला प्रवेश घेतला की मेजरबरोबर मायनर आलाच. राज्य शासनाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट आहेत, त्यातले 18 ते 20 मायनरचे. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे 15 तास. म्हणजे 20 क्रेडिटचे 300 तास झाले, आणि प्रात्यक्षिकं असतील तर त्याहून जास्त. एवढे तास जाणारच आहेत. ते कशात घालायचे हे मात्र अजून आपल्या हातात आहे, आणि नेमकं तिथंच पोरं "मित्रानं टाकलंय तेच" म्हणून मोकळी होतात.

बऱ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या तीन विषयांतूनच पुढे एक मेजर, एक मायनर होतो आणि तिसरा सुटतो. त्यामुळे दुसऱ्या वर्षी ठरवू म्हणणाऱ्याचा निम्मा निर्णय प्रवेशाच्या दिवशीच झालेला असतो. दुसऱ्या शाखेतला विषय मायनर म्हणून घ्यायला कागदावर मुभा आहे, पण वेळापत्रकात तो बसतो का, हे आधी विचारून घ्या.

आता प्रत्यक्ष जोड्या बघू. मेजर रसायनशास्त्र धरा. एम.एस्सी. नक्की करायची असेल आणि त्यातही फिजिकल केमिस्ट्रीकडे ओढा असेल, तर भौतिकशास्त्रासारखा मायनर नाही. उष्मागतिकी, क्वांटम, स्पेक्ट्रोस्कोपी दोन्हीकडून समजते आणि पुढची वाट सोपी होते. पण पदवीनंतर लगेच नोकरी धरायची असेल, तर मी संख्याशास्त्र सुचवेन. कोल्हापुरात त्याचा उपयोग कुठं होतो ते सांगतो.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात वितळलेला धातू साच्यात ओतून भाग (कास्टिंग) बनवायचा फाउंड्री उद्योग मोठा आहे. कास्टिंगच्या कारखान्यात साच्याच्या (मोल्डिंगच्या) वाळूची तपासणी रोज होते: ओलावा किती, वायू आरपार जाऊ देण्याची क्षमता (परमिएबिलिटी) किती, ताकद किती. आकडे रजिस्टरमध्ये उतरतात. वाळूत ओलावा वाढला की वितळलेल्या धातूच्या उष्णतेनं त्याची वाफ होते, ती बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये वायूची छिद्रं (ब्लोहोल) राहतात आणि माल रिजेक्ट होतो. नुसता रसायनशास्त्राचा पदवीधर तपासणी करून आकडा लिहितो. संख्याशास्त्र शिकलेला तेच आकडे कंट्रोल चार्टवर, म्हणजे मर्यादारेषा आखलेल्या आलेखावर, मांडतो आणि ओलावा मर्यादेबाहेर जायच्या आधीच सरकायला लागलाय हे दाखवू शकतो. रजिस्टर तेच, पण दोघांच्या कामाचं मोल वेगळं. मात्र गणिताची धास्ती असलेल्यानं इकडं येऊ नये. मेजरचा अभ्यासही त्यात मागं पडतो.

कला शाखेत इतिहास मेजर असेल तर निवड बहुतेक वेळा भूगोल की राज्यशास्त्र अशी येते. बी.एड. करून शाळेत शिकवायचं असेल तर भूगोल घ्या. शाळेत इतिहास आणि भूगोल अनेकदा एकाच शिक्षकाकडे असतात, आणि नकाशा धड न वाचता भूगोल शिकवणारा शिक्षक मुलांचं नुकसान करतो. स्पर्धा परीक्षा डोक्यात असेल तर राज्यशास्त्र जवळचं. राज्यघटना, पंचायतराज हे तिथं लागतंच. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, त्यात पर्यायी विषयाचे 250 गुणांचे दोन पेपर आहेत. पर्यायी विषय पदवीलाच असला पाहिजे अशी अट नाही, पण तीन वर्षं उत्तरं लिहायची सवय झालेल्याला त्याचा फायदा होतोच.

सोपा म्हणून विषय घ्यायला माझा विरोध आहे, पण एक अपवाद सांगतो. राधानगरी, गगनबावड्याकडून रोज एसटीनं ये-जा करणाऱ्या किंवा घरचं काम सांभाळून शिकणाऱ्या मुलीला मेजरच जड जात असेल, तर झेपेल असाच मायनर घेणं शहाणपणाचं. मेजर बुडवून मायनर सांभाळण्यात अर्थ नाही.

मग मायनरपेक्षा बाहेरचा कोर्स बरा का? तातडीच्या कामाला, हो. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं, तिथं मायनर कुठला हे कुणी विचारत नाही. जीएसटी आणि टॅलीचंही तसंच: हिशेबाच्या कामाला घेताना कॉम्प्युटरसमोर बसवून बघतात. हे कोर्स सुट्टीतही होतात. उलट एक विषय तीन वर्षं क्रमानं वाचायला मिळणं पुन्हा होत नाही, म्हणून मायनरची जागा अशा कौशल्यानं भरू नये असं मला वाटतं.

मायनरचा सर्वांत मोठा फायदा मात्र पालकांपर्यंत पोचलेला दिसत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) पदव्युत्तर आराखड्यात मेजर आणि मायनर, दोन्हींपैकी कुठल्याही विषयात पुढं जायची सोय ठेवली आहे. अठराव्या वर्षी निवडलेला मेजर विसाव्या वर्षी नकोसा झाला, तर एम.ए. किंवा एम.एस्सी.ला बदलायला वाट राहते. मेजरबद्दल मनात थोडीही शंका असेल, तर मायनर असा घ्या की त्यात एम.ए.-एम.एस्सी.ची दोन वर्षं आनंदानं काढता येतील. नुसत्या मायनरवर कॉलेजात प्राध्यापक होता येत नाही, त्या विषयात पदव्युत्तर पदवी लागतेच, आणि सहसा नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षाही.

फॉर्म भरण्याआधी विभागात एकदा जाऊन या. विषय शिकवायला कायम प्राध्यापक आहेत की तासिका तत्त्वावरचे, तिसऱ्या वर्षापर्यंत हा मायनर चालू राहणार का, आणि प्रयोगशाळा असेल तर मायनरच्या मुलांना तिथं खरोखर बसवतात का, हे विचारा. दुसऱ्या वर्षातल्या दोन मुलांनाही विचारा, त्यांचं उत्तर माहितीपत्रकापेक्षा खरं असतं. चांगले सर किंवा मॅडम असलेला थोडा कमी आवडीचा विषय आणि शिकवायला कुणी नसलेला आवडता विषय, अशी वेळ आली तर मी पहिलाच घ्यायला सांगेन.