विमानतळाजवळचं हॉटेल की शहरातलं? आधी घड्याळ मांडा

पहाटेचं विमान असलं की बहुतेक जण नकाशा उघडतात, विमानतळापासून २ किलोमीटरवर हॉटेल दिसलं की बुकिंग करून मोकळे होतात. हा निर्णय किलोमीटरवर करू नये. दोन वेळा काढाव्यात: अंथरुणातून किती वाजता उठावं लागेल, आणि खोलीच्या दारापासून बॅग देण्याच्या काउंटरपर्यंत पोचायला सगळं बिनसलं तर किती वेळ लागेल. या दोन आकड्यांनी बरेचदा उत्तर मिळतं, आणि ते उत्तर दर वेळी विमानतळाजवळच्या हॉटेलच्या बाजूने नसतं.

विमानतळाजवळचं म्हणजे नेमकं कुठलं?

‘एअरपोर्ट हॉटेल’ या नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिलं, टर्मिनलला जोडलेलं हॉटेल: लिफ्टने खाली उतरा, झाकलेल्या मार्गिकेतून चालत काउंटरवर जा. दुसरं, शटल बसचं हॉटेल: विमानतळाच्या आसपास, पण चालत पोचता न येणारं, म्हणून हॉटेल आणि टर्मिनल यांच्यात फेऱ्या मारणाऱ्या बसने (शटलने) जायचं. तिसरं, ट्रान्झिट हॉटेल: सुरक्षा तपासणीच्या आत, केवळ विमान बदलणाऱ्यांच्या किंवा पुढचा बोर्डिंग पास हातात असलेल्यांच्या कामाचं. शहरातलं हॉटेल आणि शटलचं हॉटेल यांच्यात जेवढा फरक असतो, त्याहून मोठा फरक कधीकधी या तिघांमध्ये असतो.

नावावर तर मुळीच जाऊ नका. नावात ‘एअरपोर्ट’ असलेलं हॉटेल धावपट्टीच्या पलीकडच्या बाजूला असू शकतं. सरळ रेषेत ते १ किलोमीटरवर दिसतं, पण रस्त्याने वळसा घालून ७-८ किलोमीटर पडतात. मधे द्रुतगती मार्ग असेल तर पदपथच नसतो, त्यामुळे ‘चालत जाऊ’ हा विचार सोडून द्यावा. नकाशावर हॉटेलपासून विमानतळापर्यंत नव्हे, तर तुमच्या टर्मिनलच्या निर्गमन दारापर्यंतचा मार्ग काढा. लंडनच्या हीथ्रोसारख्या विमानतळावर टर्मिनल ४ आणि टर्मिनल ५ एकमेकांपासून इतके दूर आहेत की एकाला जोडलेलं हॉटेल दुसऱ्याच्या प्रवाशाला जोडलेलं म्हणता येत नाही.

सकाळी ६ चं विमान: तीन घड्याळं

आंतरराष्ट्रीय उड्डाण सकाळी ६ ला आहे आणि चेक-इनची बॅग आहे, असं धरू. बऱ्याच विमान कंपन्या सुटण्याच्या ६० मिनिटं आधी काउंटर बंद करतात, म्हणजे ५ ला. रांग लक्षात घेऊन ३.३० ला टर्मिनलच्या दारात असायचं.

शहरातलं हॉटेल ४० किलोमीटरवर असेल तर रात्रीच्या मोकळ्या रस्त्याने ४५ मिनिटं, आणि गाडी उशिरा येणं, रस्त्याचं काम, चुकलेलं वळण यांसाठी आणखी ३० मिनिटं. चेकआउटला १० आणि तयारीला ४० मिनिटं. गजर लागतो रात्री १.२५ ला.

शटलच्या हॉटेलात बस दर अर्ध्या तासाने सुटते. ३.३० च्या आत पोचायचं तर ३ ची बस. प्रवास १५ मिनिटांचा, पण इतर टर्मिनलांवर थांबत जाते म्हणून २५ धरा. लॉबीत २.५० ला उभं राहायचं, म्हणजे गजर २.१० चा.

जोडलेल्या हॉटेलात चेकआउट आदल्या रात्रीच उरकलं तर ३.२० ला खोली सोडली तरी चालतं. गजर २.४० चा.

शहर आणि शटल यांच्यात झोपेचा फरक फक्त ४५ मिनिटांचा पडला. तेवढ्यासाठी शहरातली संध्याकाळ सोडावी का? झोप मोजली तर नाही. फरक पडतो बिनसलं तर. शहरात ठरवलेली गाडी आली नाही, तर रात्री २ वाजता दुसरी मिळायला किती वेळ लागेल याचा भरवसा नसतो. शटल भरलेली निघाली तर पुढची अर्ध्या तासाने असते, आणि अंतर थोडं असल्याने टॅक्सीही लगेच पोचवते. जोडलेल्या हॉटेलात बिनसायला जागाच उरत नाही. बॅग, लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील आणि विमान सकाळी ८ च्या आधीचं असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: शेवटची रात्र विमानतळावर काढा, आणि शक्य असेल तर जोडलेल्या हॉटेलातच.

विमान सकाळी १० नंतरचं असेल, फक्त हातातलं सामान असेल आणि शहरातून थेट रेल्वे असेल, तर हेच गणित उलटतं. क्वालालंपूरचा मुख्य विमानतळ शहरापासून साधारण ५० किलोमीटरवर आहे, तरी न थांबणारी रेल्वे अर्ध्या तासाच्या आसपास तिथे पोचवते. अशा ठिकाणी शटलची वाट पाहणारा आणि शहरातून रेल्वेने निघालेला जवळजवळ एकाच वेळी टर्मिनलमध्ये शिरतात. पहिल्या गाडीची वेळ मात्र आधी बघून ठेवा, पहाटेच्या विमानाला ती बरेचदा उपयोगाची नसते.

शटलची चौकशी कशी करावी

‘शटल उपलब्ध’ एवढ्या ओळीवर विसंबू नका. हॉटेलला फोन करून विचारा: पहिली बस किती वाजता आणि शेवटची किती वाजता? ठरावीक वेळेला सुटते की बोलावल्यावर? जागा आदल्या रात्री नोंदवावी लागते का? मोफत आहे की माणशी तिकीट? तुमच्या टर्मिनलला जाते का, आणि येताना विमानतळावर कोणत्या मजल्यावरच्या कोणत्या क्रमांकाच्या थांब्यावर उभं राहायचं? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि मध्यरात्री सामान घेऊन चुकीच्या मजल्यावर तिष्ठत राहतात. पहाटे ३ ते ५ मध्ये बस लवकर भरते, म्हणून चेक-इन करतानाच नाव लिहून घ्यायला सांगा आणि हवी त्याच्या एक फेरी आधीची बस धरा.

रात्री उशिरा उतरणार असाल तर

११ ला विमान टेकलं तरी दारात तुम्ही ११ ला नसता. उतरायला १५-२० मिनिटं, इमिग्रेशनला अर्धा ते एक तास, त्यात किंवा त्यानंतर बॅग. बाहेर पडेपर्यंत १२ वाजून जातात, आणि अनेक शहरांत तोवर शेवटची रेल्वे निघून गेलेली असते. टोकियोचा नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटर दूर आहे. तिथे उशिरा उतरून शहर गाठण्यापेक्षा विमानतळाजवळ झोपून सकाळी निघणं शहाणपणाचं. टोकियोच्याच दुसऱ्या, हानेदा विमानतळावर उतरलात तर तेच अंतर साधारण १५ किलोमीटर, मग थेट शहरात जा. लांबच्या उड्डाणानंतर स्वतः दोन-तीन तास गाडी चालवत घरी जायचा बेत असेल तर तो सोडा. पेंगत गाडी चालवण्यापेक्षा एका रात्रीचं भाडं केव्हाही परवडलं.

इथे तारखेची एक चूक फार होते. १२ तारखेला रात्री १२.३० ला (म्हणजे ११ ची मध्यरात्र उलटल्यावर) उतरणार असाल तर खोली ११ तारखेच्या रात्रीची घ्यावी लागते. १२ ची घेतलीत तर चेक-इन त्या दुपारी सुरू होतं आणि तुम्ही लॉबीत बसून राहता. खोली ११ ची घेतल्यावर हॉटेलला उशिरा येणार असल्याचं विमान क्रमांकासह कळवा, नाहीतर पाहुणा आलाच नाही असं समजून ते आरक्षण रद्द करू शकतात.

विमान बदलताना रात्र मधे आली तर

दोहा, सिंगापूर, इस्तंबूल, ॲम्स्टरडॅम अशा मोठ्या केंद्रांवर सुरक्षा क्षेत्राच्या आतच झोपायची सोय आहे, आणि खोली अनेकदा काही तासांपुरती मिळते. बाहेर पडावं लागत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा त्या देशाचा व्हिसाही लागत नाही. ८-१० तासांच्या थांब्याला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

पण तिकीट नीट वाचा. दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असतील आणि बॅग शेवटच्या मुक्कामापर्यंत गेली असेल, तरच हे जमतं. दोन वेगळी तिकिटं असतील तर साधारणपणे इमिग्रेशन ओलांडून बॅग घ्यावी लागते आणि पुन्हा चेक-इन करावं लागतं. मग व्हिसा हवा आणि ट्रान्झिट हॉटेलचं आरक्षण वाया जातं. बॅग थेट पुढे गेली असेल तर रात्रीचे कपडे, औषधं आणि चार्जर हातातल्या सामानात ठेवा, मोठी बॅग मिळणार नाही. अमेरिकेत तर परदेशातून आलेल्या प्रत्येकाला, पुढे दुसऱ्या देशात जायचं असलं तरी, इमिग्रेशनमधून जावंच लागतं. तिथे आतल्या हॉटेलचा बेत करू नका.

आवाज, नाश्ता, खर्च

चांगल्या हॉटेलांच्या खिडक्या जाड काचांच्या आणि कायम बंद असतात, त्यामुळे विमानांचा आवाज वाटतो तितका त्रास देत नाही. खरा त्रास धावपट्टीच्या टोकासमोरच्या, विमानं जिथून डोक्यावरून जातात त्या पट्ट्यातल्या स्वस्त हॉटेलांत होतो. धावपट्टीकडे पाठ असलेली, वरच्या मजल्यावरची, लिफ्टपासून दूरची खोली मागा. खिडकी उघडून झोपायची सवय असेल तर शहरातलंच हॉटेल बरं.

नाश्ता भाड्यात धरलेला असला तरी सभागृह साधारण ६-६.३० ला उघडतं. पहाटे निघणाऱ्याने आदल्या रात्री डबा बांधून मागावा. त्यातला ज्यूस आणि दही तपासणीच्या आधीच संपवा, १०० मिलिलिटरच्या मर्यादेमुळे अनेक विमानतळांवर ते आत जाऊ देत नाहीत.

खर्च जोडताना शहरातल्या हॉटेलच्या भाड्यात रात्रीच्या टॅक्सीचं भाडं मिळवा, विमानतळाच्या हॉटेलात शटलचं तिकीट आणि जेवणाचे चढे दर. स्वतःची गाडी आणणार असाल तर ‘एक रात्र आणि दोन आठवडे पार्किंग’ असं एकत्रित पॅकेज अनेकदा विमानतळाच्या पार्किंगपेक्षा स्वस्त पडतं. गाडी हॉटेलच्याच आवारात राहणार की दुसऱ्या मैदानात, आणि किल्ली कोणाकडे, हे आधी विचारा. दोन किंवा जास्त रात्री असतील तर आधीच्या रात्री शहरात काढा, आणि पहाटेचं विमान असेल तर फक्त शेवटची विमानतळावर.

उड्डाण रद्द झालं तर आधी कंपनीच्या काउंटरवर विचारा. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार, तिथून सुटणाऱ्या उड्डाणासाठी रात्र काढावी लागली तर हॉटेल आणि तिथवरची ने-आण कंपनीने करायची असते, कारण हवामान असलं तरी. काउंटरवर कोणी दाद देईना तर स्वतः साधीशी खोली घ्या आणि सगळ्या पावत्या जपून ठेवा. वादळाच्या किंवा बर्फाच्या रात्री जवळच्या खोल्या बघता बघता भरतात, म्हणून रांगेत उभं असतानाच मोबाइलवर मोफत रद्द करता येणारी एक खोली धरून ठेवावी.