राखाडी चौकट रातोरात हिरवी झाली : नैतिक खरेदीच्या अ‍ॅपचा वापरानंतरचा अनुभव

या अ‍ॅपची सशुल्क आवृत्ती घेऊन बरेच महिने झाले आहेत. वस्तूचा बारकोड स्कॅन केला की ती घेणे नैतिकदृष्ट्या कितपत योग्य याचे गुण ते रंगीत चौकटीतून देते, आणि गेल्या महिन्यापर्यंत मी त्याच्याविषयी बहुतांशी चांगलेच लिहिले असते. मग नवी आवृत्ती आली. ती बसवून घेतल्यावर, माझ्या जतन केलेल्या यादीतल्या ज्या वस्तूंपुढे आजवर राखाडी चौकट आणि तिच्याखाली ‘उत्पादक अज्ञात’ अशी नोंद असे, त्यांतल्या अनेक वस्तूंपुढे फिकट हिरवी, म्हणजे चांगल्या गुणांची, चौकट दिसू लागली. उत्पादकाचे नाव कळले असेल म्हणून मी आत जाऊन पाहिले, तर नाव नव्हतेच, उलट उत्पादकाचा रकानाच काढून टाकलेला होता. याच आवृत्तीत एका मोठ्या सुपरमार्केट साखळीचे सवलत-कार्ड अ‍ॅपला जोडण्याची सोय आली आहे, आणि हिरव्या झालेल्या जवळजवळ सर्व वस्तू त्याच साखळीच्या स्वतःच्या छापाच्या आहेत. हा योगायोग असेल, तर तो साखळीच्या फारच सोयीचा आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. स्कॅनिंग जलद होते, अंधूक प्रकाशातही बारकोड वाचला जातो, आणि कामगारांचे हक्क, पर्यावरण, करभरणा, प्राण्यांना दिली जाणारी वागणूक यांपैकी कशाला किती महत्त्व द्यायचे हे आपल्याला ठरवता येते. वर्गणी मला सुरुवातीला उधळपट्टी वाटली होती, परंतु प्रत्येक वस्तू उचलून स्कॅन करण्याचा कंटाळा इतका येतो की निम्म्या वस्तू पुन्हा फळीवर जातात, त्यामुळे पैसे वसूल झाले असे मी मानतो. अ‍ॅपच्या कर्त्यांना ही बचत अभिप्रेत नसावी. बॅटरी फार खाल्ली जाते, पण ते सर्वांनीच लिहिले आहे.

आता मुख्य मुद्दा. मोठ्या साखळ्यांच्या फळ्यांवर त्यांच्या स्वतःच्या नावाचा माल सतत वाढत आहे. तो बनवणारा कारखाना वेगळाच असतो, आणि कित्येकदा शेजारच्या फळीवरचा नामांकित माल बनवणारा कारखानाच तोही बनवतो. पाकिटावर मात्र साखळीचे नाव ठळक असते आणि मागच्या बाजूला, चिकटवलेल्या घडीच्या अगदी कडेला, ‘यांच्यासाठी उत्पादित’ अशा शब्दांपुढे पुन्हा त्याच साखळीचे नाव व मुख्य कार्यालयाचा पत्ता असतो. माझ्याकडच्या एका चॉकलेटच्या वेष्टनावर हे अक्षर इतके बारीक आहे की फोनच्या कॅमेऱ्याने मोठे करून वाचावे लागले, आणि वाचून मिळाले ते जे पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत होते तेच.

बारकोड येथे काहीही मदत करू शकत नाही आणि त्यात अ‍ॅपचा दोष नाही. तेरा अंकी बारकोडचे सुरुवातीचे अंक वस्तू कोणत्या देशात बनली हे सांगतात, असा सार्वत्रिक समज आहे, पण त्यांवरून फक्त जीएस१ या संस्थेच्या कोणत्या देशातील शाखेने तो क्रमांक दिला हे कळते. क्रमांक छापाच्या मालकाचा असतो, कारखान्याचा नव्हे. साखळीच्या स्वतःच्या मालावरचा क्रमांक साखळीच्याच नावे नोंदलेला असतो, आणि दुकानात वजन करून जे लेबल चिकटवले जाते त्यावरचे २० ते २९ या अंकांनी सुरू होणारे क्रमांक तर मर्यादित वापरासाठी राखून ठेवलेले असतात, ते दुकानाच्या बाहेर कोठेही शोधून सापडत नाहीत. १९७४ मध्ये पहिल्यांदा दुकानात वापरला गेलेला बारकोड बिल लवकर व्हावे म्हणून होता. वस्तूची वंशावळ त्याला विचारणे हा आपला हव्यास आहे.

त्यामुळे सुरुवातीच्या काळात ही राखाडी चौकट मला अ‍ॅपची सर्वांत मोठी उणीव वाटत असे. अर्धी टोपली राखाडी दिसत असेल तर पैसे कशासाठी मोजायचे, असे मी अ‍ॅपमधल्या अभिप्रायाच्या रकान्यात लिहिलेही होते. पुढे मत बदलले. ज्या वस्तूचा उत्पादक मुद्दाम झाकलेला आहे तिच्यापुढे ‘अज्ञात’ असे स्वच्छ लिहिणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही, आणि एखाद्या दुकानातल्या टोपलीत राखाडी चौकटी जितक्या जास्त, तितके त्या दुकानाला आपल्यापासून लपवण्यासारखे जास्त, एवढा साधा हिशेब त्यातून आपोआप होऊ लागला. मला तर या अ‍ॅपचे सर्वांत प्रामाणिक वैशिष्ट्य तेच वाटू लागले होते. नव्या आवृत्तीने नेमके तेच पुसले.

ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार येथे सविस्तर देत नाही, सारांश पुरेसा आहे. मी विचारले की या चॉकलेटचा कारखाना कोणता आणि कोको कोठला, हे तुम्हाला आता कळले आहे काय. पहिले उत्तर यांत्रिक होते आणि त्यात अ‍ॅप पुन्हा बसवून पाहण्याचा सल्ला होता. दुसऱ्या उत्तरात, बऱ्याच पाठपुराव्यानंतर, असे सांगण्यात आले की उत्पादकाची माहिती उपलब्ध नसल्यास यापुढे ‘विक्रेत्याचे प्रसिद्ध झालेले पुरवठादार-धोरण’ गृहीत धरून गुण दिले जातील. म्हणजे कारखाना कोणता हे ठाऊक नाही, परंतु त्याच्याविषयी साखळीने स्वतःच्या संकेतस्थळावर चांगले लिहिले आहे, म्हणून गुण. याला मूल्यमापन म्हणावे असे मला वाटत नाही.

प्रसिद्ध केलेल्या निवेदनाला गुण देण्यात काय गफलत आहे हे एका कायद्यावरून स्पष्ट होते. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याप्रमाणे ३.६ कोटी पौंड किंवा त्याहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना, आपल्या पुरवठा साखळीत वेठबिगारी होऊ नये म्हणून आपण काय केले, याचे निवेदन दरवर्षी प्रसिद्ध करावे लागते. ‘आम्ही काहीच केलेले नाही’ असे निवेदनही त्या कायद्याला चालते. अ‍ॅपच्या गुणपत्रकात मात्र ‘निवेदन प्रसिद्ध केले’ या रकान्यापुढे बरोबरची खूण पडते आणि आत काय लिहिले आहे याचा विचार होत नाही. ज्या लहान दुकानदाराकडे निवेदने लिहिणारा विभाग नाही, त्याचे पुरवठादार त्याच्या रोजच्या ओळखीचे असले तरी त्याच्यापुढे शून्य येते. मोठ्या साखळ्यांचे वर्चस्व मोजायला निघालेले साधन अशा रीतीने त्याच वर्चस्वाला बक्षीस देते.

वर्चस्व हा शब्द मी रागाच्या भरात वापरत नाही. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने २००८ मध्ये किराणा बाजाराची चौकशी केली, तेव्हा मोठ्या साखळ्या आपली जोखीम आणि अनपेक्षित खर्च पुरवठादारांवर ढकलतात, असा निष्कर्ष काढला होता. फेब्रुवारी २०१० पासून तेथे पुरवठादारांना द्यायच्या वागणुकीची संहिता लागू झाली आणि २०१३ मध्ये तिच्या पालनावर लक्ष ठेवणारे स्वतंत्र पद कायद्याने निर्माण झाले. जानेवारी २०१६ मध्ये त्या अधिकाऱ्याच्या चौकशीत टेस्को या सुपरमार्केट साखळीने पुरवठादारांचे पैसे लांबवून संहितेचा गंभीर भंग केल्याचे आढळले. मात्र ही संहिता साखळीला थेट माल देणाऱ्यापुरतीच आहे. त्या पुरवठादाराला माल देणारा शेतकरी तिच्या कक्षेबाहेर राहतो. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांच्या पुढे थकवण्यास आणि अशा मालाची मागणी ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीची सूचना देऊन रद्द करण्यास मनाई केली आहे. मनाई करावी लागली यावरून प्रथा काय होती ते समजते. कोणती साखळी पुरवठादारांचे पैसे किती दिवसांत चुकते करते, हा रकाना अ‍ॅपमध्ये पूर्वी नव्हता आणि आजही नाही. नैतिक खरेदीच्या साधनात जंगल आणि गोगलगाय यांना जागा आहे. दुकानाने उशिरा दिलेल्या पैशांना नाही.

साखळीने स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देण्याचा प्रकारही नवा नाही. २०१७ मध्ये सेन्सबरीज या ब्रिटिश साखळीने आपल्या छापाच्या चहावरची फेअरट्रेडची (उत्पादकांना रास्त मोबदला मिळाल्याची ग्वाही देणारी स्वतंत्र) खूण काढून ‘फेअरली ट्रेडेड’ ही स्वतःची योजना आणण्याचे जाहीर केले, तेव्हा आफ्रिकेतील चहा उत्पादकांच्या संघटनेने उघड विरोध केला होता. फेअरट्रेडमध्ये मालाच्या भावावर जी जादा रक्कम मिळते ती कशावर खर्च करायची हे उत्पादकांनी निवडलेली समिती ठरवते, आणि नव्या योजनेत त्या रकमेवर अंतिम शब्द साखळीने नेमलेल्या मंडळाचा राहणार होता. तक्रार नेमकी याच हक्काविषयी होती. अ‍ॅपचे नवे धोरण हेच पाऊल आणखी पुढे नेते, कारण येथे साखळीला वेगळी योजना काढण्याचीही गरज उरलेली नाही.

स्वतंत्र खुणांनाही अ‍ॅप सरसकट पूर्ण गुण देते, ही एक लहान तक्रार. फेअरट्रेडच्या खुणेशेजारी बाण असेल तर मागची माहिती वाचणे आवश्यक असते. कोको, ऊस-साखर, चहा आणि फळांचे रस यांच्या बाबतीत प्रमाणित व अप्रमाणित माल कारखान्यात मिसळू दिला जातो, फक्त खरेदी आणि विक्रीचे एकूण प्रमाण जुळावे लागते. शेतकऱ्याला त्याचे पैसे पोचतात, म्हणून मी या पद्धतीच्या विरोधात नाही. पण बाण असलेल्या आणि नसलेल्या खुणेत फरक दाखवायला एक लहानसे चिन्ह पुरले असते.

उत्पादक शोधणे अशक्य आहे असेही नाही. युरोपीय संघात दूध, मांस यांसारख्या प्राणिजन्य मालावर लंबवर्तुळात देशाचे सांकेतिक अक्षर आणि प्रक्रिया केंद्राचा मान्यता क्रमांक छापावा लागतो, आणि अशा केंद्रांच्या याद्या सरकारी संकेतस्थळांवर खुल्या असतात. साखळीचे नाव पुढच्या बाजूला कितीही मोठे असो, तो क्रमांक कारखान्याचाच असतो. कॅमेरा आधीच वेष्टनावर रोखलेला असताना तो अंडाकृती ठसा वाचून यादीशी ताडून पाहणे फारसे अवघड नसावे. ही सूचना मी लेखी पाठवली, तेव्हा ‘आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ असे उत्तर आले. सवलत-कार्ड जोडण्याच्या कामासाठी मात्र त्याच विभागाला वेळ मिळाला होता.

गुण द्यायचे झाल्यास जुन्या आवृत्तीला पाचपैकी चार आणि नव्या आवृत्तीला दीड. वर्गणीचे स्वयंचलित नूतनीकरण मी बंद केले आहे. उरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळत नाहीत, हे अटींमध्ये पाकिटावरच्या पत्त्याइतक्याच बारीक अक्षरांत लिहिलेले असल्यामुळे मुदत संपेपर्यंत मी अ‍ॅप वापरत राहणार आहे. तोपर्यंत विकत घेऊ इच्छिणाऱ्यांनी सेटिंग्जमध्ये जाऊन ‘विक्रेत्याचे धोरण गृहीत धरा’ हा पर्याय बंद करावा. तो ‘प्रगत’ या सदराच्या अगदी तळाशी आहे, आणि बंद केल्यावर राखाडी चौकटी परत येतात, फक्त उत्पादकाचा रकाना येत नाही.