नटालिझुमॅब : पांढऱ्या पेशींची वाट अडवणारे औषध

दाह सुरू झाला की रक्तवाहिनीच्या अस्तरावर चिकट रेणू प्रकट होतात, त्यांच्यामुळे वेग मंदावलेल्या पांढऱ्या पेशी अस्तरावरून घरंगळू लागतात, मग केमोकाइन या रासायनिक दूतांचा संकेत मिळताच त्यांच्या पृष्ठावरील इंटेग्रिन नावाची प्रथिने घट्ट पकड घेतात आणि त्या अस्तरपेशींमधून वाट काढत ऊतीत उतरतात. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात अशाच उतरलेल्या पेशी मेंदूतील मज्जातंतूंचे आवरण उद्ध्वस्त करतात. नटालिझुमॅब अल्फा-४ इंटेग्रिनला बांधले जाऊन ती पकडच रोखते, आणि इतक्या नेमक्या जागी हस्तक्षेप करणारी कल्पना मला विलक्षण वाटते.

साधारणपणे दर 4 आठवड्यांनी 300 मिलिग्रॅम औषध शिरेतून दिले जाते. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पहिल्या वर्षात, नकली औषध घेतलेल्या गटाच्या तुलनेत, आजाराचे झटके 68 टक्क्यांनी घटले.

मात्र मेंदूत पेशींचा पहारा कमी झाल्याने जेसी विषाणू बळावून पीएमएल हा मेंदूचा जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. म्हणूनच हे औषध अमेरिकेत 2005 मध्ये मागे घेतले गेले आणि 2006 मध्ये कडक अटींसह परतले. प्रभावी औषध म्हणून मी त्याची शिफारस करीन, परंतु जेसी विषाणूची प्रतिपिंड चाचणी आणि नियमित एमआरआय यांची सोय असलेल्या मज्जाविकारतज्ज्ञांकडेच ते घ्यावे, आणि परस्पर बंद तर मुळीच करू नये, कारण त्यानंतर आजार उसळू शकतो.