अर्धा इंची जाळी आणि आपोआप मिटणारं दार : रॅकूनच्या शेजारात ११ महिने

गेल्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत आमच्या सहापैकी दोन कोंबड्या गेल्या. आम्ही न्यू जर्सीत राहतो, मागच्या अंगणाला लागून थोडं रान आहे. खुराड्याला कडी होती, दार बंद होतं. उकाड्यामुळे कोंबड्या दांड्यावर न चढता खाली जाळीला टेकून बसल्या होत्या. सकाळी पाहिलं तर एकीचं मुंडकंच नाही आणि दुसरीचा पंख मुळापासून जाळीबाहेर ओढलेला. हे काम रॅकूनचं, म्हणजे इथल्या मांजराहून थोराड, रात्री फिरणाऱ्या जनावराचं. तो आत शिरलाच नव्हता, त्यानं नुसता हात घातला होता. मी हात म्हणते, कारण त्याला पंजा म्हणवत नाही. पाच लांब, सुटी बोटं असतात. साधी कडी, हूक, फिरवायचा खटका तो चाचपून चाचपून उघडतो.

ती जाळी इथल्या दुकानांत ‘चिकन वायर’ म्हणून मिळते, षटकोनी भोकांची, पातळ तारेची. या नावावर विश्वास ठेवू नका. ती कोंबड्यांना आत ठेवते, शिकाऱ्याला अडवत नाही.

सप्टेंबरमध्ये सगळी उचकटली आणि ‘हार्डवेअर क्लॉथ’ लावली. नावात कापड असलं तरी ही जस्ताचा मुलामा दिलेल्या (गॅल्व्हनाइज्ड) तारेची, सांधे जोडलेली चौकोनी जाळी असते. अर्धा इंची भोकं, १९ गेज जाडीची तार. इंचभर फट मिळाली तरी वीझल हा मुंगसासारखा सडपातळ छोटा शिकारी आत शिरतो, म्हणून एक इंची घेऊ नका. आणि ठोकण्याच्या पिना वापरू नका. रॅकून जाळीची कड धरून ओढत राहतो आणि पिना एकेक करून निघतात. मी दर चार-पाच इंचांवर रुंद वॉशर घालून स्क्रू मारले. दोन शनिवार-रविवार गेले. कापलेल्या तारेची टोकं जाड हातमोज्यांतूनही टोचतात.

खालून उकरणाऱ्या कोल्ह्यासाठी खंदक खणला नाही. जाळीचाच दोन फूट रुंद पट्टा भिंतीपासून बाहेर जमिनीवर आडवा पसरला आणि वर माती टाकली. जनावर उकरायला सुरुवात करतं ते अगदी भिंतीच्या बुडाशी, आणि तिथेच तार लागते. मागे सरकून उकरावं हे त्याला सुचत नाही. जानेवारीत बर्फावर पावलं उमटली होती, बुडाशी थोडी माती उकरलेली होती, पुढे काही नाही.

चिपळूणजवळच्या आमच्या घरी आजी तिन्हीसांजेला कोंबड्या डालग्याखाली झाकायची आणि वर दगड ठेवायची. तिथे भीती मुंगसाची आणि रानमांजराची, त्यांच्यासाठी तो दगड पुरे होता. इथे तो पुरणार नाही.

आता दाराविषयी. दोनशे डॉलरच्या आसपासचं, वर-खाली सरकणारं, बॅटरीवरचं दार घेतलं. डिसेंबरमध्ये इथे साडेचारला सूर्य मावळतो आणि मी सहाला घरी येते, त्यामुळे या दारानं माझा जीव भांड्यात पडला हे खरं. पण दोन गोष्टींनी छळलं. सुरुवातीला ते उजेडाच्या सेन्सरवर ठेवलं होतं. एका ढगाळ संध्याकाळी ते लवकर मिटलं आणि सगळ्यांच्या चोची खाणारी आमची सर्वांत गरीब कोंबडी बाहेर राहिली. ती साडेसहाला टॉर्चच्या उजेडात पायरीखाली सापडली, थरथरत होती, पण जिवंत. तेव्हापासून टायमरवर ठेवते, सूर्यास्तानंतर ४० मिनिटांनी, आणि दर पंधरा दिवसांनी वेळ बदलते. दुसरी गोष्ट फेब्रुवारीतली. खालच्या खाचेत पाणी गोठलं आणि दार दोन इंच वरच अडकलं. तेवढ्यात रॅकूनची बोटं घुसतात. आता थंडीत रोज संध्याकाळी खाच खरवडते. दार घ्याच, पण रात्री एकदा जाऊन दांड्यावरची डोकी मोजा.

रात्री जनावरांना घाबरवायला मिळणारे लाल लुकलुकणारे दिवे मात्र घेऊ नका. तीन आठवडे बरे गेले, मग रॅकून त्यांच्या शेजारून चालत गेला. अंड्यांच्या पेटीच्या झाकणाला आता गिर्यारोहकांचा स्क्रूवाला हूक आहे. दाणे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात राहतात आणि रात्री खाद्याचं भांडं घरात येतं.

दिवसाचा धोका वेगळा, कूपर्स हॉक या शिकारी पक्ष्याचा. १९१८च्या केंद्रीय कायद्यानं त्याला संरक्षण आहे, त्याला मारता येत नाही, आणि मारावंही का? फिरायच्या जागेवर वरूनही जाळी घातली की झालं.

आणखी एक सांगते, कारण घरात लहान मुलं आहेत. रॅकूनच्या विष्ठेत एका गोलकृमीची अंडी असू शकतात आणि ती माणसाच्या मेंदूपर्यंत इजा करू शकतात. विष्ठा दिसली की मुलांना लांब ठेवते आणि हातमोजे घालूनच उचलते. रॅकून रेबीजही पसरवतो, त्यामुळे दिवसा सुस्त बसलेला दिसला तरी जवळ जायचं नाही.

मार्चमध्ये दोन नव्या तलंगा आणल्या, पुन्हा सहा झाल्या. गेल्या आठवड्यात रात्री पाऊस पडून गेला. सकाळी जाळीवर गुडघ्याच्या उंचीला चिखलाची पाच बोटं उमटली होती, मग त्याच्या वर आणखी पाच, पार छतापर्यंत. आत सहाही जणी दार उघडायची वाट बघत कलकल करत होत्या.