लाईन गेल्यावर कळतं गेम कसा आहे

परवा रात्री पावणेदहाला डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, काहीतरी उडालं आणि अर्धं गाव अंधारात गेलं. मी खेळत होतो त्या स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममध्ये तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. सकाळी फुलकोबीला पाणी घालून खाणीत उतरलो होतो, ४०व्या मजल्यावरून ५०व्यापर्यंत पोचलो होतो, आता फक्त घरी जाऊन पडायचं होतं. हा गेम दिवस संपवून झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही. माझ्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे, लाईन गेली की तो त्याच क्षणी बंद. साडेअकराला लाईन आली तेव्हा मी पुन्हा त्याच सकाळी, अंथरुणाजवळ उभा. फुलकोबीला परत पाणी, खाण परत ४०पासून.

आठ महिन्यांत हे सतरा वेळा झालं. मी सेवा केंद्र चालवतो, त्या सेंटरच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी रेघा मारून ठेवल्या आहेत. कोणी म्हणेल, गेममधला एक दिवस साधारण चौदा मिनिटांचा, त्याचं काय एवढं? दिवसभर सेंटरवर लोकांचे केवायसी आणि सातबारे काढून मला रात्री मिळतो तो एक तास. त्यातली चौदा मिनिटं कमी नाहीत.

आता मुळापासून सांगतो. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात. लॅपटॉप जुना, १४ हजाराला घेतलेला, आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मागच्या दिवाळीच्या सेलमध्ये मी एक मोठा, नावाजलेला गेम १,९०० रुपयांना घेतला. डाउनलोड ११८ जीबी. माझा रोजचा डेटा २ जीबी. गुणाकार मी आधी केला नाही, ही माझी चूक. अकरा दिवस रोजचा सगळा डेटा त्यात घातला, तरी २२ जीबीच झाले. मग लॅपटॉप पिशवीत घालून यवतमाळला मावसभावाच्या खोलीवर नेला, दोन रात्री त्याच्या वायफायवर ठेवला. सोळाव्या दिवशी गेम चालू झाला आणि अडखळत अडखळत २६ मिनिटं चालला. गेममधला घोडा एक पाऊल टाकायचा, थांबायचा, मग दुसरं टाकायचा.

पैसे परत मागितले. त्या ऑनलाईन दुकानाचा नियम असा की खरेदीपासून १४ दिवसांच्या आत मागायचे आणि खेळलेला वेळ २ तासांपेक्षा कमी हवा. मी खेळलो २६ मिनिटं, पण दिवस झाले सोळा. डाउनलोडलाच पंधरा दिवस गेले, हे मी दोनदा लिहून कळवलं. दोन्हीदा शब्दाला शब्द तेच उत्तर आलं. त्याच आठवड्यात गेमने ३८ जीबीचा अपडेट मागितला. डीएपी खताची बॅग १,३५०ला येते. म्हणजे जवळजवळ दीड बॅग पाण्यात गेली.

बाल्डर्स गेट ३ किंवा रेड डेड रिडेम्प्शन २ हे वाईट गेम आहेत असं मी म्हणत नाही. पण दोन्हींना १५० जीबी जागा लागते, वर ग्राफिक्स कार्ड. ज्याच्याकडे फायबर आहे, भारी मशीन आहे, त्याने ते जरूर खेळावेत. मी लिहितोय ते ज्यांच्याकडे रोजचा दीड-दोन जीबी आणि भरवशाची नसलेली लाईन आहे त्यांच्यासाठी. त्यांनी छोटे, इंडी गेम घ्यावेत, म्हणजे एकट्या माणसाने किंवा छोट्या टीमने केलेले. आणि घेण्याआधी दोनच गोष्टी बघाव्यात: किती एमबी, आणि सेव्ह कुठे होतो.

स्टारड्यूला ५०० एमबी पुरतात. संध्याकाळी डाउनलोडला लावला, वरणभात खाऊन येईपर्यंत झाला होता. एरिक बॅरोन नावाच्या एका माणसाने तो साडेचार वर्षं खपून एकट्याने केला आणि २०१६ साली आणला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, कोड त्याचा. त्या काळात तो संध्याकाळी एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. गेम विकला गेल्यावरही त्याने काम थांबवलं नाही. २०२४च्या मार्चमध्ये १.६ नावाचा मोठा अपडेट आला, तोही फुकट. हे कळल्यावर ‘क्रॅक (चोरीची कॉपी) उतरव ना, पैसे कशाला देतो’ म्हणणाऱ्या मित्रांशी मी भांडलो. अशा माणसाचे पैसे बुडवायचे नसतात.

शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हा गेम वेगळाच दिसतो. पार्सनिप नावाचं एक कंद आहे. बियाणं २० नाण्यांचं, चार दिवसांत काढणी, विकलं की ३५. ऋतू २८ दिवसांचा, ऋतू बदलला की बहुतेक उभं पीक वाळतं. उद्या पाऊस आहे की ऊन ते टीव्ही आदल्या दिवशी सांगतो आणि ते खरं निघतं. एका रात्री बाबा मागे येऊन उभे राहिले. मी काढलेला माल घराजवळच्या पेटीत टाकत होतो.

“हे कोन घेऊन जाते?”

“रात्री गावचा माणूस येते बाबा. सकाळी पैसे.”

“भाव कोन ठरवते?”

“ठरलेलाच असते.”

“अडत? हमाली? ओलाव्याचे नाही कापत?”

“नाही.”

ते जरा वेळ बघत राहिले. “मंग हे वावर नोय,” म्हणाले आणि झोपायला गेले. मला ते लागलं. त्या वर्षी आमचं सोयाबीन ओलाव्याच्या नावाखाली कापून घेतलं होतं. पण दोन दिवसांनी तेच परत आले. कावळ्याने माझं एक रोप खाल्लं होतं आणि मला कारण कळत नव्हतं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि लगेच म्हणाले, “बुजगावनं लाव ना.” लावलं. कावळे थांबले. तेव्हापासून त्या गेममधलं बुजगावणं हलवायचं झालं तर मी त्यांना विचारून हलवतो.

इतका जीव लावलेला गेम, आणि सेव्ह फक्त झोपल्यावर. म्हणूनच राग येतो. न आवडणाऱ्या गेमची चौदा मिनिटं गेली तर कोणी वहीत रेघा मारत नाही.

पेपर्स, प्लीज हा त्या मानाने आपल्या लाईनला चालतो. लुकास पोप या एकट्या माणसाचा, २०१३चा, जेमतेम १०० एमबीचा गेम. दर दिवसागणिक आपोआप सेव्ह होतो, लाईन गेली तर तेवढाच दिवस पुन्हा. तुम्ही सीमेवरचे तपासनीस. रांगेतल्या माणसांचे कागद बघायचे, नाव जुळतं का, तारीख संपली का, मग शिक्का मारायचा. दिवसात पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीपासून पगारातून दंड. पगार कमी पडला तर घरचे उपाशी, आजारी.

मी सात वर्षं सेवा केंद्र चालवतो. आधारवर ‘रामराव’ आणि सातबाऱ्यावर ‘रामा’ एवढ्यावरून माणसाचा हप्ता अडतो, हे मी रोज बघतो. गेममध्ये सुरुवातीलाच एक नवरा-बायको येतात. नवऱ्याचे कागद बरोबर. जाताना तो सांगून जातो की मागे माझी बायको आहे, तिच्याशी नीट वागा. बायकोकडे प्रवेशाचा परवाना नाही. मी तिला सोडलं, चूक केल्याची चिठ्ठी आली, ती घेतली. दुसऱ्या दिवशी सेंटरवर एक आजी आल्या, त्यांचा अंगठा मशीन घेत नव्हतं. एरवी तीनदा बघून मी ‘उद्या या’ म्हणतो. त्या दिवशी हात पुसायला फडकं दिलं, दहाही बोटं लावून पाहिली, डाव्या हाताच्या अनामिकेवर झालं. मोठ्या गेमने माझ्यावर असा परिणाम कधी केला नाही.

हॉलो नाइट ९ जीबीचा, म्हणजे पाच दिवसांचा डेटा. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या टीम चेरीने लोकवर्गणीतून सुमारे ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर जमवून तो उभा केला आणि २०१७ साली आणला. बाकावर बसलं की सेव्ह. अवघड आहे: मेलात की जमवलेले सगळे पैसे मेलेल्या जागी राहतात, तिथवर पोचायच्या आत पुन्हा मेलात की कायमचे गेले. पुतण्या खेळतो, मी बघतो. नकाशा हाताने काढलेला वाटतो आणि पावसाच्या शहरात पोचलं की आमच्या टिनावर पडणाऱ्या पावसाचा आवाज त्यात मिसळून जातो.

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा गेमही सुचवतो, २०२०चा. भावाला सोडवायला निघालेली मुलगी, आणि सगळा परिसर आपल्या पुराणांतला. याला ग्राफिक्स कार्ड हवं, म्हणून मी तो यवतमाळला मावसभावाच्या मशीनवर खेळलो. लांबीला लहान आहे, दोन बसकणीत संपतो.

इथवर जूनमध्ये लिहून ठेवलं होतं. मग पेरणी आली आणि राहून गेलं. आता जानेवारी आहे, आणि दोन गोष्टींत माझं मत बदललं आहे.

पहिली, स्टारड्यूची. मी मोबाईलवरचा स्टारड्यू वेगळे पैसे देऊन घेतला. एकाच गेमला दोनदा पैसे द्यायला मी महिनाभर तयार नव्हतो. पण मोबाईलवर दिवसाच्या मधेच बाहेर पडलं तरी जिथे होतो तिथून पुढे सुरू करता येतो. फोन आला, बॅटरी संपत आली, कोणी हाक मारली, काही बिघडत नाही. सध्या शेतीची लाईन आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. हरभऱ्याला स्प्रिंकलर लावतो, पाईप बदलेपर्यंत मधे अडीच-तीन तास धुऱ्यावर (बांधावर) बसून काढायचे, रोही (नीलगायी) आणि रानडुकरांवर लक्ष ठेवायचं. नेट लागत नाही, डेटा जात नाही. दर पंधरा मिनिटांनी उठून टॉर्च फिरवतो, परत बसतो. बोटाखाली रोप झाकलं जातं आणि चुकून भलत्याच जागी पाणी पडतं, एवढी अडचण खरी. पण सव्वाएकला लाईन गेली, मोटर बंद झाली, पाईपांचा फुसफुस आवाज थांबला, तरी हातातलं शेत जागेवर होतं. जूनमध्ये मी या गेमला ‘आपल्या लाईनसाठी नाही’ म्हणणार होतो. आता म्हणतो, बॅटरी नसलेल्या लॅपटॉपवर घेऊ नका, मोबाईलवर घ्या.

दुसरी गोष्ट सेलेस्टची. हा मी जूनच्या लिखाणात घेतलाच नव्हता. १,२०० एमबीचा, २०१८चा, एका मुलीने डोंगर चढायचा एवढीच गोष्ट. मी वीस मिनिटांत सोडला होता, बोटं दुखून आली. मग माझ्या चुलतभावाने मागितला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं चार वर्षांपूर्वी मळणीयंत्रात गेली. त्याआधी तो तालुक्याच्या पटांगणावर व्हॉलीबॉल खेळायचा. मोबाईलवरचे सगळ्यांचे आवडते मारामारीचे गेम त्याने केव्हाच सोडून दिले, कारण समोरची पोरं त्याच्यासाठी थांबत नाहीत.

सेलेस्टमध्ये असिस्ट मोड आहे. गेमचा वेग कमी करता येतो, दम न संपण्याची सोय लावता येते, हवं तर मरणच बंद करता येतं. तो म्हणाला, “मरन राहू दे, वेग कमी कर.” ७० टक्क्यांवर ठेवला. डाव्या हाताने बाण आणि उजव्याच्या तीन बोटांनी उडी, धरणं, झेप. पडला की त्याच पडद्यावर लगेच परत उभा, ना वाट बघायची ना काही गमवायचं. पहिल्या रात्री तो एका खोलीत साठ-सत्तर वेळा पडला असेल. मी मधे बोललो नाही. अकराला ती खोली ओलांडली तेव्हा त्याने नुसता हात चोळला आणि पुढच्या खोलीकडे बघितलं. गेल्या चार वर्षांत मी त्याला कुठल्याही गोष्टीमागे इतका वेळ लागलेला पाहिलं नव्हतं.

त्याच्यासाठी म्हणून मी लॅपटॉपला नवी बॅटरी घेतली. यवतमाळला १,६००ला बसवून मिळाली, दीड तास जाते. त्या मोठ्या गेमवर घातलेल्या पैशांपेक्षा ३०० कमी. आता संध्याकाळी लॅपटॉप त्याच्याच घरी असतो, सकाळी सेंटर उघडायच्या आधी मी घेऊन येतो. परवा लाईन गेली तेव्हा काकूने कंदील लावून त्याच्याजवळ ठेवला आणि तो खेळत राहिला. काल त्याने वेग ७०वरून ८० टक्क्यांवर नेला.