डबीवर ६३/३७, आत बिस्मथ

घरी तयार केलेल्या सर्किट बोर्डांवर पाय नसलेल्या क्यूएफएन चिप बसवणाऱ्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे की, सोल्डर पेस्टच्या, म्हणजे चिप जोडण्यासाठी वितळवायच्या धातूच्या लगद्याच्या, डबीवरील लेबलावर विसंबून राहू नका.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानातून मी ‘६३/३७, १८३ अंश’ (म्हणजे ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसे, १८३ अंश सेल्सिअसला वितळणारे) असे छापलेली डबी घेतली. नको असलेले तांबे विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराईडमधून काढलेल्या बोर्डाचे तांबे काळवंडू नये म्हणून मी त्यावर कथील-शिशाच्या तारेचा पातळ थर चढवतो. त्याच थरावर ही पेस्ट लावून स्टेपर मोटर चालवणारी ए४९८८ ही क्यूएफएन चिप मी हॉट एअरने (गरम हवेच्या झोताने) बसवली. या ५ मिलिमीटर चौरस चिपचे २८ पॅड (जोडणीचे धातूचे ठिपके) आणि उष्णता वाहून नेणारा मधला मोठा पॅड तिच्या पोटाखाली असल्यामुळे जोड तपासता येत नाही, आणि मोटर फिरली तेव्हा काम नीट झाले असेच मी समजलो. मात्र पंधरा-वीस मिनिटांत मोटर अडखळू लागे आणि चिमट्याने हलकेच ढकलले तरी चिप जागची सरके.

पंधरवडाभर मी स्वतःच्या हाताला दोष देत राहिलो, फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचे रसायन) बदलला, मागून सोल्डर भरण्यासाठी मधल्या पॅडखाली पाडलेले भोकही मोठे केले. शेवटी कोऱ्या तांब्याच्या तुकड्यावर पेस्टचा ठिपका आणि त्यापासून थोड्या अंतरावर ६३/३७ तारेचा तुकडा ठेवून तो हळूहळू तापवला, तेव्हा १४० अंशांच्या आसपासच पेस्ट वितळली आणि तार तशीच राहिली. डबीचे लेबल भिजवून सोलले, तर खालून जुने लेबल निघाले: कथील ४२ टक्के, बिस्मथ हा धातू ५८ टक्के, मुदत केव्हाच संपलेली.

बिस्मथची पेस्ट मुळात वाईट नसते. परंतु तिच्यात शिसे मिसळले (माझ्या बोर्डावर ते तारेच्या थरातून आले) की सुमारे ९६ अंशांनाच वितळणारा मिश्रधातू जोडात तयार होतो, आणि ए४९८८ मधील उष्णतेपासूनचे संरक्षण मात्र १६५ अंशांच्या आसपास सुरू होते. म्हणजे चिप स्वतःला थांबवण्याच्या कितीतरी आधी तिच्याखालचे जोड सुटतात.

बिलावर नुसते ‘पेस्ट’ एवढेच लिहिलेले असल्याने दुकानदाराने डबी परत घेतली नाही. म्हणून धातूंचे प्रमाण आणि मुदत बिलावर लिहून घ्यावी, आणि वर सांगितलेली तारेची चाचणी पहिली चिप बसवण्याआधीच करावी. सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या तारांच्या वेणीने सोल्डर काढून घेतले तरी बिस्मथचा अंश पॅडवर उरतोच, त्यामुळे या पेस्टने जोडलेले माझे चारही बोर्ड मला टाकून द्यावे लागले.